पायलट इंद्रावयनी

इंद्रावयनीच्या पिवळ्या जाकिटाच्या पाठीवर काळ्या ठळक अक्षरांत 'पायलट' असं छापलेलं होतं. ते जाकीट घालून ती पहिल्यांदा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेली, तेव्हा भाजी घेण्याआधीच तिला गिऱ्हाईक मिळालं. आमच्याकडे पायलट म्हणजे मोटारसायकलवर भाड्याने माणसं नेणारा. एका म्हाताऱ्याने मागून येऊन तिच्या खांद्यावर टकटक केलं.

"पायलट, कोर्टाकडे सोडशी?"

इंद्रावयनी वळली. साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, अंबाड्यात अबोली. म्हातारा दचकला. ही मात्र शांतपणे म्हणाली, "सोडलां असतां आजोबा, पूण माजां इमान गोठ्यात आसा."

"गोठ्यात? कित्याक गे?"

"आभाळ तांबडां आसा म्हणून."

म्हाताऱ्याने वर पाहिलं. वर निळंशार आभाळ. "घरा वच गे बाये," तो म्हणाला, "ऊन बाधलां दिसता तुका."

हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. सांगताना म्हाताऱ्याचा आवाज काढायची आणि पोट धरून हसायची. आम्ही ऐकणारेही हसायचो. मी मात्र दरवेळी हसणं संपल्यावर चिडायचो, कारण त्या विनोदातला एकही शब्द खोटा नव्हता.

आमचं गाव पेडण्यात, विमानतळाच्या पठाराखाली. वर विमानं उतरतात आणि खाली भात पिकतं. इंद्रावयनी आमची शेजारीण. वय पन्नाशीच्या पुढे, उंच, काटक, चालताना हात मागे बांधून चालायची सवय. नवरा हरमलच्या किनाऱ्यावर एका शॅकच्या, म्हणजे झापांच्या हॉटेलच्या, स्वयंपाकघरात. आठवड्यातून एकदा घरी येणार, मासळी आणणार आणि झोपणार. वाड्यावरचे बाकीचे बाप्येही असेच. कोण हरमलला, कोण विमानतळावर ट्रॉल्या ढकलायला. शेतात उरल्या बायका. औषध मारायचा पंप पाठीवर घेऊन चिखलात चालणाऱ्याही त्याच. एका दुपारी इंद्रावयनीची जाऊ प्रेमा पंपासकट बांधावरून भातात पडली. औषध मानेवरून पाठीत उतरलं होतं. शुद्धीवर आली तेव्हा इंद्रावयनीने तिचा हात धरून सांगितलं, "आतां ह्यो पंप तुज्या पाठीर चडूचो नाय. माज्या जिवार."

तिचा शब्द एवढाच होता. पुढचं सगळं त्या शब्दापायी घडलं.

सरकारने महिला गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्या वाड्याच्या गटाकडून तिने अर्ज केला. प्रशिक्षण परराज्यात, शिकवणं हिंदीत, परीक्षा संगणकावर. ही चौथी शिकलेली. जाताना डब्यात सोलं आणि सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेऊन गेली आणि येताना जाकीट घालून आली. तिथला मास्तर उडवण्याआधी मोठ्याने 'टेक ऑफ' म्हणायला लावायचा. ही आधी तोंडातल्या तोंडात 'राखणदारा, जाग रे' म्हणायची आणि मग 'टेक ऑफ'. मास्तराने विचारलं, पहिलं काय म्हणालात? म्हणाली, "तां आमच्या गावचां चेकिंग."

आमच्या गावच्या शिमेवर राखणदाराचा दगड आहे. गावात बाहेरची वस्तू आणायची, विहीर खणायची, माड तोडायचा, तर आधी त्याला विचारायचं. हा नेम इंद्रावयनी इतका पाळायची की नवीन मिक्सर आणला तेव्हाही दगडासमोर उभी राहून आली. "विचारून पाय घाल," हे तिचं पालुपद. पोरांना, सुनांना, मांजरालासुद्धा. तिच्या सासऱ्याकडे देवळात गाऱ्हाणं घालायचा मान होता. देवासमोर उभं राहून गावाच्या वतीने मागणं मागायचं आणि प्रत्येक वाक्यामागे लोकांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हातारा रोज संध्याकाळी घरी त्याचा सराव करायचा. ही चुलीपुढे बसून ऐकायची. बायकांना तो मान नसतो, पण कान असतात.

ड्रोन आला तो मोठ्या पेटीतून. तिने त्याला पांखरू म्हणायला सुरुवात केली. गोठ्यातली एक बाजू सारवून घेतली, त्याला उंच बाकावर ठेवलं आणि म्हशीच्या श्वासाने गंजेल म्हणून वर गोधडी घातली. रोज सकाळी पदेराची घंटा वाजली की पाव घ्यायचा, चहात बुडवून खायचा आणि मग हात धुऊन पांखराचे पंख एकेक करून फिरवून बघायचे. बॅटऱ्या शिकवल्याप्रमाणे चार्ज करायच्या. तेवढं सगळं झाल्यावर मोबाईलवर सरकारचा नकाशा उघडायचा. त्यात हिरवं म्हणजे उडवा, पिवळं म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षाला विचारून उडवा आणि तांबडं म्हणजे केंद्राची परवानगी असल्याशिवाय नाव काढू नका.

आमचं गाव तांबडं. अख्खं. तिचं शेत, माझं घर, शाळा, देऊळ, राखणदाराचा दगड, सगळं तांबडं.

एका खात्याने यंत्र दिलं आणि दुसऱ्या खात्याच्या नकाशाने ते बांधून घातलं. गट निवडताना कुणी नकाशा बघितला नाही आणि नकाशा रंगवताना खाली कोण राहतं ते कुणी बघितलं नाही. याला आपल्याकडे धोरण म्हणतात. त्यावर चकचकीत कागदाची पुस्तिका निघते आणि मुखपृष्ठावर हसऱ्या बाईचा फोटो असतो. माझ्या घरात भिंतीवर कॅलेंडरऐवजी चळवळीची पत्रकं चिकटवलेली असत. वाचायला मी त्यांवरच शिकलो. त्यामुळे त्याच रात्री मी पत्रक लिहून काढलं, 'आभाळ कोणाच्या बापाचं?' तिने ते चष्मा लावून सबंध वाचलं.

"बरां लिवलंस," ती म्हणाली. "माका रडूं आयलां. सायबाक येतलां काय?"

"वयनी, तुम्ही उडवा. कोण बघतं? भातावरून पुरुषभर उंचीवर तर उडतो तो."

"इमान पडलां तर कोणाच्या माथ्यार पडतलां? आमच्याच. नियम जाय रे. नियम नाका म्हणून मी सांगूंक नाय." मग तिने बांधावरच्या माडाकडे बोट केलं. "पूण ह्यो बघ. माज्या पांखरापरस केदो उंच! ह्यो तांबड्यात खंयच्या परमिटार उबो आसा? पयलां ताजां लायसन मागा म्हणावं."

हीच तिच्याबाबतची माझी सगळ्यात मोठी कटकट होती. अन्याय तिला माझ्यापेक्षा नेमका दिसायचा आणि नियम मात्र ती माझ्यापेक्षा कडक पाळायची. तिने रीतसर परवानगी मागितली. पोर्टलवर उत्तर आलं, 'प्रक्रियेत आहे.' पावसाळी पीक कापून झालं, वायंगणाचं, म्हणजे हिवाळ्यातलं, भात लावून झालं, तरी तेच.

देवळात कौल लावतात तेव्हा मूर्तीला पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. इंद्रावयनी मोबाईल माझ्यासमोर धरून म्हणायची, "देव नाय म्हणता तेन्नाय फूल पडता रे. हेंचां फूल चिकटूनच रवलां." शासनव्यवहारावर याहून चांगलं वाक्य मी अजून वाचलेलं नाही. मी वाचलेलं सगळं जमेस धरून सांगतो.

त्या वायंगणात तिच्या मळ्यात एक जोडपं आलं. लग्न व्हायचं होतं, फोटो काढायचे होते. मुलगी हिरव्या भाताच्या बांधावर झगा पसरून उभी, मुलगा तिच्यामागे आणि फोटोवाल्याने खिशातून काढावा तसा छोटा ड्रोन काढून वर सोडला. तांबड्या आभाळात. प्रेमा धावत सांगायला आली. आम्ही मळ्यात पोचलो तेव्हा मला वाटलं, आता ही त्याला फाडून खाणार.

"परमीट आसा रे?" तिने विचारलं.

"मावशी, हा एवढासा आहे. एवढ्याशाला कायदा नसतो."

"तांबड्यात एवडोसो आनी तेवडो, सगल्यांक एकूच कायदो," ती म्हणाली. तिच्या पाठीवरचं 'पायलट' वाचून फोटोवाला हसू दाबू लागला. पण तिचं लक्ष त्याच्या हातातल्या पडद्यावर गेलं होतं आणि तिथेच थांबलं. आपला मळा वरून कसा दिसतो ते तिने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. हिरव्याच्या मधोमध एक पिवळट डाग होता, बांधावरून कधीच न दिसणारा.

"तां कितां? थंय व्हर. आनी सकयल."

त्याने नेला. पानं गुंडाळलेली, आतून खाल्लेली. कीड मध्यावर लागली होती आणि बाहेर पसरत होती. इंद्रावयनी कितीतरी वेळ त्या पडद्यात बघत राहिली. मग त्याला म्हणाली, "आतां उतरय पुता. परत तांबड्यात उडोव नाका." फोटोवाल्याने तिला वेडी समजून उतरवला, जोडप्याला गाडीत घातलं आणि तो पुढच्या गावात जाऊन उडवायला लागला. तेही तांबडंच होतं.

त्या संध्याकाळी तिने पंप स्वतःच्या पाठीवर घेतला. प्रेमाला बांधावरसुद्धा येऊ दिलं नाही.

पांखरू उडताना मी एकदाच पाहिलं आणि तेही पेडण्यात नव्हे. इंद्रावयनीचं माहेर डिचोलीच्या पलीकडे, आणि ते नकाशावर हिरवंगार. टेम्पोत गोधड्या अंथरून तिने पेटी नेली. भावाच्या शेताच्या कडेला जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून उभी राहिली. ओठ हलले, तो तिच्या माहेरच्या राखणदाराला निरोप असणार. मग गावाला ऐकू जाईल असं 'टेक ऑफ' म्हणाली. धुळीचा लोट उठला, कोंबड्या पळाल्या आणि ते अवजड धूड अलगद वर गेलं. भातावरून सरळ रेषेत जायचं, कडेला वळायचं, परत यायचं. खाली औषधाची बारीक फुई. भाऊ तोंड उघडं टाकून बघत होता. प्रेमा रडत होती. इंद्रावयनीचे फक्त अंगठे हलत होते आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं, काही नव्हतं. देवळातल्या पुजाऱ्याचा असतो तसा चेहरा. उतरवल्यावर मात्र तिने भावाच्या पाठीत धपाटा घातला. "पळयलंय मरे? तुजी भयण!"

पुढच्या आठवड्यात तिला समज मिळाली. गटाचं कार्यक्षेत्र पेडणे, आणि डिचोलीत ड्रोन नेऊन योजनेचा भंग केला म्हणे. म्हणजे जिथे आभाळ मोकळं तिथे योजना नाही आणि जिथे योजना तिथे आभाळ नाही. वर एक ताकीद होती. हंगामभर यंत्र चाललं नाही तर ते काढून दुसऱ्या गटाला दिलं जाईल. मी त्या दिवशी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती म्हणाली, "गप रव. सायब येवचो आसा. तोंडान विचारूया."

योजनेचे साहेब खरंच येणार होते, ड्रोनच्या नियमांची जनजागृती करायला. पंचायतीच्या सभागृहाचं छप्पर गळत होतं म्हणून सभा देवळाच्या मंडपात ठेवली. खांबाला पांढरा पडदा बांधला. साहेब दूरच्या राज्यातले, वागायला सज्जन, बोलायला हिंदी. तासभर त्यांनी तांबडं-पिवळं-हिरवं समजावलं, दंड समजावला, सुरक्षेचं महत्त्व समजावलं. एकही गोष्ट चुकीची सांगितली नाही आणि एकही गोष्ट आमच्या कामाची सांगितली नाही. शेवटी माइक हातात धरून म्हणाले, कुणाला काही बोलायचंय?

इंद्रावयनी उठली. माझी खात्री आहे की ती प्रश्न विचारायलाच उठली होती. पण ती उभी होती देवळात, गाभाऱ्याकडे तोंड करून. समोर साहेब, पाठीशी गाव आणि कानात कित्येक वर्षं चुलीपुढे ऐकलेला सासऱ्याचा आवाज. तिने डोळे मिटले, हात जोडले, आणि निघालं ते गाऱ्हाणंच.

"बा देवा, शिमेवयल्या राखणदारा म्हाराजा!"

बाईच्या तोंडून गाऱ्हाणं कुणी कधी ऐकलं नव्हतं. मग मागून कुणीतरी सवयीने म्हणालं, "व्हय म्हाराजा!"

"सरकारान आमकां एक पांखरू दिलां म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता अर्धा मंडप.

"जेणी पंख दिले, तेणीच दोरी बांदली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमी विचारलां, आमी वाट पळयली. व्हय नाय, नाय नाय, फूल चिकटूनच रवलां म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळा गाव, एका गळ्याने. देवळाची कौलं हलतील असा आवाज.

"हेतूंत कोणाचो दोष आसात, चूक आसात, ती पोटात घाल, आनी तुज्या लेकरांक वाट दाखय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मला वाटलं, जे माझ्या शंभर पत्रकांना जमणार नाही ते झालं. साहेबही भारावले होते. हात जोडून चारी दिशांना वाकत होते. "बहुत अच्छा, बहुत अच्छा," म्हणत होते. इंद्रावयनी घामाघूम होऊन बसली आणि प्रेमाला म्हणाली, "सायबाच्या काळजाक लागलां गो. आतां फूल पडतलां."

फूल पडलं. हंगाम संपता संपता साहेब जीप घेऊन आले, ड्रोन परत न्यायला.

गोठ्यासमोर बायका जमल्या. इंद्रावयनी पेटीच्या झाकणावर हात ठेवून उभी. साहेब खरोखर गोंधळलेले दिसले. त्यांच्या हिंदीतलं बोलणं असं होतं: आता हे काय काढलंत? मी त्या सभेत तांबड्या पट्ट्याचे नियम सांगितले, या बाईंनी तुमच्या भाषेत ते सगळ्यांना समजावले आणि तुम्ही प्रत्येक वाक्याला एकमुखाने होकार दिलात. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. वर तसंच कळवलं, की गावाची काही तक्रार नाही, गावाला सगळं मान्य आहे. परवानगीचा विषय तिथेच मिटला.

प्रेमा पुढे झाली. "सायबा, तो व्हय तुका नासलो. देवाक आसलो."

ड्रायव्हरने हिंदी करून सांगितलं. साहेबांनी विचार केला आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "भगवान को? मगर सामने तो मैं था."

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. तो आलाच. पण त्याहून जास्त राग त्या 'व्हय'चा आला. देव असो, साहेब असो, माइक असो, समोर कुणी उभं राहिलं की आमच्या गळ्यातून आपोआप बाहेर पडणाऱ्या होकाराचा. आमचं मागणं कितीही धारदार असो, शेवटी आमचाच होकार त्याची धार घालवतो आणि वर तेवढाच पोचतो. इंद्रावयनीचा चेहरा मी पाहिला. सासऱ्याच्या गाऱ्हाण्याचा असा अर्थ लागलेला ऐकून ती आतून कुठेतरी मोडली असावी. वर दिसलं नाही. तिने गोधडी काढून घडी घातली. पंख एकदा फिरवून बघितले.

"व्हरात," ती म्हणाली. "पूण शिमेर गाडी थांबोवची. पांखरू हाडलां तेन्ना ताका विचारून हाडलां. व्हरताना सांगूक जाय."

साहेबांनी मान्य केलं. जीपमागून आम्ही शिमेपर्यंत चालत गेलो. वाटेत तिने बायकांना मागे वळून एकच गोष्ट सांगितली, "आज कोणेच तोंड उगडूंचां नाय. कितांय जांव."

दगडासमोर ती हात जोडून उभी राहिली. साहेब जीपमधून उतरले, टोपी काढून बाजूला थांबले.

"बा राखणदारा म्हाराजा!"

कुणी काही बोललं नाही. रानातला एक पक्षी ओरडला, तेवढाच.

"तुज्या हद्दीत हाडलेलां पांखरू उडलां नाय म्हाराजा!"

शांतता. बायकांनी ओठ असे मिटले होते की प्रेमाच्या हनुवटीला कंप सुटला होता.

"तां आमी खुशीन दियां नाय म्हाराजा!"

आणि त्या शांततेत, जीपच्या स्टिअरिंगवर कोपर टेकून बसलेला ड्रायव्हर, सिंधुदुर्गातला, सावंतवाडीकडचा, हळूच पण स्पष्ट म्हणाला, "व्हय म्हाराजा."

म्हटलं आणि त्याने जीभ चावली. साहेबांनी चटकन त्याच्याकडे पाहिलं. "क्या बोला?"

"कुछ नहीं साब. आदत है."

इंद्रावयनी हसली. म्हापशाच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगताना हसायची तशी नाही, वेगळंच. "तुजो दोष नाय रे पुता," ती म्हणाली. "खरां तां एकदां तरी कोणेतरी म्हणूंक जाय आसलां." जीप गेली. पेटी बांधलेल्या दोरीचं टोक वळणापर्यंत हलताना दिसत होतं.

त्यानंतरही मी पत्रकं काढली. ती चष्मा लावून वाचायची आणि 'बरां लिवलंस' म्हणायची. पुढचं ती काही म्हणेनाशी झाली. नकाशा उघडणंही तिने सोडलं.

पुढच्या पावसाळी पिकात मी गाव सोडून फोंड्याला कामाला निघालो, तेव्हा ती मला बसच्या खिडकीतून दिसली. पाऊस उघडला होता आणि मळ्यात पोटरीभर पाणी होतं. प्रेमा नव्हती. इंद्रावयनी एकटीच चालत होती, एका हाताने दांडा हलवत, दुसऱ्या हाताने नळी धरून. अंगावर पिवळं जाकीट होतं, पण पाठीवर पंप असल्यामुळे शब्द झाकला गेला होता. पंपाच्या एका बाजूने 'पा' तेवढा दिसत होता आणि दुसऱ्या बाजूने 'ट'.

बस वळणावर थांबली. पंप रिकामा झाला असावा. ती बांधावर आली, पट्टे खांद्यावरून उतरवले, पंप खाली ठेवला. तेवढा वेळ ओल्या जाकिटावर अख्खा शब्द उन्हात लख्ख दिसला. मग तिने कळशीतलं औषध पंपात ओतलं, झाकण पिळून घट्ट केलं, गुडघा टेकून पट्ट्यांत हात घातले आणि उठली.